वरिष्ठांचा अभिप्राय

ओतिलियाने मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ना ते पाहिलं आणि पिस्तूल जमिनीवर अंथरलेल्या लष्करी कांबळ्यावर ठेवलं. तिथे आधीच अकरा पिस्तुलं आणि चार जुन्या रायफली ओळीने मांडलेल्या होत्या. एक सैनिक वाकून क्रमांक वाचत होता, दुसरा ते कागदावर उतरवत होता. नगरपालिकेच्या अंगणात ऊन नुकतं उतरलं होतं, आणि फाटकाबाहेर निम्मं सान ब्रूनो आपल्या पोलिसांची झडती बघायला जमलं होतं.

तिच्या मागे नाबोर होता. त्याने आपलं पिस्तूल ठेवलं, खिशातून फडकं काढून त्यावरचा बोटांचा डाग पुसला आणि सैनिकाला म्हणाला,

"पावती?"

"कसली पावती?"

"तेवीस वर्षं हे माझ्या कमरेला होतं. बायकोसुद्धा एवढी जवळ नसते. नेताय तर काहीतरी लिहून द्या."

रांगेतले सगळे हसले. सैनिक कोवळाच होता. हसावं की दटावावं ते त्याला कळेना. शेवटी त्यांचा कॅप्टन पुढे आला आणि म्हणाला, "पावती नाही मिळणार. ही जप्ती नाहीये, तपासणी आहे."

"अच्छा. म्हणजे विसरायचं," नाबोर म्हणाला आणि बाजूला झाला.

ओतिलियाला हसू आलं नाही. फाटकाच्या गजांतून बघणाऱ्यांमध्ये तिच्या गल्लीतल्या बायका होत्या. सतरा वर्षं ती त्यांच्यासमोरून गणवेशात गेली होती, आणि आज तिच्या पट्ट्याला पिस्तुलाचं रिकामं म्यान लोंबत होतं.

त्या दिवसाचं मूळ दोन वर्षं मागे होतं. तेव्हा हेलिकॉप्टरमधून आलेल्या सैनिकांनी डोंगरातल्या म्हाताऱ्याला, टोळीच्या म्होरक्याला, एका बारशाच्या जेवणातून उचललं. त्याचं नाव सान ब्रूनोत कुणी घेत नसे. डोंगराकडे नुसती हनुवटी उचलली तरी पुरे. तीन दिवस टीव्हीवर त्याला विमानात चढवताना दाखवत होते. सुटलो, असं लोकांना वाटलं. चौथ्या महिन्यात त्याचा पुतण्या आणि त्याचा जुना ड्रायव्हर यांचं फाटलं. पूर्वी गावातून एका टोळीच्या गाड्या जात, आता दोघांच्या जाऊ लागल्या, आणि कुठली कुणाची ते गोळी सुटल्यावर कळे. सुताराचा थोरला गेला. औषधांच्या दुकानदाराने एका सकाळी दुकान उघडलंच नाही. मग मेक्सिको सिटीत कुणीतरी ठरवलं की खोट आहे ती गावोगावच्या नगरपालिकेच्या पोलिसांत. ते साफ खोटं होतं, अशातलाही भाग नव्हता. कुणाच्या घरावर दोन वर्षांत नवा मजला चढला, ते ओतिलियाला ठाऊक होतं. पण कांबळ्यावर पिस्तूल सगळ्यांनीच ठेवलं.

पुढच्या मंगळवारी बावीसच्या बावीस जणांना बसमध्ये घालून राज्याच्या राजधानीला नेलं. उपाशीपोटी यायचा हुकूम होता. ओतिलिया आणि नाबोर एका बाकावर बसले. तो अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, ती शेहेचाळीसची. तिच्या मुलीला, यादिराला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानेच धरलं होतं, आणि तेव्हापासून तो ओतिलियाला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोंपाद्रे. हे नातं रक्ताचं नसतं, पण सख्ख्या भावाशी भांडता येतं तसं कोंपाद्रेशी भांडता येत नाही. यादिरा आता वीस वर्षांची होती आणि राजधानीतच नर्सिंग शिकत होती. ओतिलियाचा नवरा कामासाठी सीमेपलीकडे गेला होता. पहिली काही वर्षं त्याचे फोन आले, पुढे तेही बंद झाले.

"खोटं पकडणाऱ्या मशीनला घाबरलीस काय?" नाबोरने विचारलं.

"तुम्ही?"

"मला बायकोने, चेलाने, तीस वर्षं तपासलंय. मशीन काय करणार?"

तपासणी केंद्र दिसायला दातांच्या दवाखान्यासारखं होतं. रक्त झालं, लघवी झाली, चारशे प्रश्नांचा कागद झाला. दुपारी ओतिलियाला एका खोलीत बसवलं. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. तपासणारी बाई तिशीतली, केस घट्ट बांधलेली. आवाज मात्र मऊ.

"मशीन लावण्याआधी आपण नुसतं बोलू या," ती म्हणाली. "मनावर काही असेल तर आत्ताच सांगून टाका. सांगून टाकलेल्या गोष्टीवर मशीन अडत नाही."

ओतिलियाने आठवून आठवून सांगितलं. एका वाण्याच्या दारुड्या मेव्हण्याला सोडलं म्हणून त्याने घेवड्याचं पोतं घरी धाडलं होतं, ते ठेवून घेतलं. भाच्याला लायसन्स नसताना जाऊ दिलं. बाईने सगळं लिहून घेतलं, जरा कंटाळूनच. मग छातीभोवती दोन पट्टे, दंडाला फुगणारी पट्टी, बोटांना चिमटे.

"गुन्हेगारी टोळीची मदत तुम्ही जाणूनबुजून कधी घेतली आहे?"

"नाही."

"टोळीला कधी मदत केली आहे?"

"नाही."

तिने स्वतःच्या आवाजाकडे लक्ष दिलं. तो सरळ होता. मागे कुठेतरी यंत्राची बारीक घरघर चालली होती, ती तशीच चालत राहिली.

नाबोर मात्र आत गेला तो लवकर बाहेर येईना. बाकीचे बसमध्ये बसून कंटाळले, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तो आला तेव्हा बाह्या अजून दुमडलेल्या होत्या आणि दंडावर पट्टीचा लाल वळ होता. बसल्या बसल्या त्याने चेलाने बांधून दिलेली मिरचीची गोर्दिता, मक्याची जाड भाकरी, काढली, निम्मी ओतिलियाला दिली आणि उरलेली भुकेल्यासारखी खाल्ली.

"काय विचारलं?"

"तुला विचारलं तेच."

"मग इतका वेळ?"

"बाई चांगली होती. पाणी दिलं," तो म्हणाला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि सान ब्रूनो येईपर्यंत झोपला. इतक्या धक्क्यांत माणूस इतका गाढ कसा झोपू शकतो, याचं ओतिलियाला नवल वाटलं.

यादी सहा आठवड्यांनी आली. तोपर्यंत ते शिट्टी आणि लाकडी दंडुका घेऊन गस्त घालत होते. गावाच्या तोंडाशी लष्कराने तंबू ठोकले होते. ते असेतो टोळ्यांच्या गाड्या जरा लांबून जात. चौकातल्या कट्ट्यावर बसणारे म्हातारे ओतिलियाला म्हणत, "काय गं, आज किती शेळ्या पकडल्या?" तीही थांबून सांगे, "एकच. तुमच्याइतकी म्हातारी होती, सोडून दिली."

यादी नगरपालिकेच्या दारावर चिकटवली. बावीसपैकी नऊ अपात्र. कमांडर लेदेस्मा अपात्र, त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पोरसवदा रोसेंदो अपात्र. त्याच्या लघवीत काहीतरी सापडलं होतं. आणि सातवं नाव नाबोरचं.

ओतिलियाने ते तीनदा वाचलं. ज्या माणसाने तेवीस वर्षांत कुणाच्या टपरीवर फुकट कॉफी घेतली नाही त्याचं नाव सातवं. आणि ज्याच्या घरावर नवा मजला चढला तो पात्र, कारण परीक्षेत तो बर्फासारखा थंड बसला होता. लेदेस्माच्या जागी सरकारने दुसऱ्या राज्यातला एक निवृत्त लष्करी अधिकारी नेमला. तो आठवड्यातून दोन दिवस यायचा आणि खिडकीपासून लांब बसायचा. त्याने ओतिलियाला पाळीप्रमुख केलं. तिचं पहिलं काम होतं अपात्रांचे गणवेश जमा करून घेणं.

नाबोर सगळ्यांच्या शेवटी आला. शर्ट इस्त्री केलेला, विजार घडी घातलेली, बिल्ला वेगळ्या कागदात गुंडाळलेला.

"बूट माझे स्वतःचे आहेत," तो म्हणाला. "ते नाही देणार."

"कोंपाद्रे, फेरविचाराचा अर्ज करता येतो. तीस दिवसांची मुदत आहे."

"सोड गं."

"असं कसं सोडू? पेन्शन जाईल तुमची. ह्या वयात कुठे विटा वाहणार?"

"विटा कशाला? चेला म्हणते, टमाटे लावू."

तिने त्याच्यासमोर वाद घातला नाही. संध्याकाळी अर्ज घेऊन सरळ चेलाकडे गेली. चेला चुलीपाशी मिरच्या भाजत होती. तिने तो नीट वाचलासुद्धा नाही, नवऱ्याला हाक मारली, पेन त्याच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "कर सही. तुझा मान गेला खड्ड्यात. मला म्हातारपणी औषधं लागणारेत." नाबोरने सही केली. पण कागद परत देताना त्याने ओतिलियाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या महिन्यात तंबू उठले. लष्कराला शेजारच्या राज्यात जास्त गरज होती म्हणे. सैनिक गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ओतिलिया एका सहकाऱ्याबरोबर पेट्रोलपंपाजवळ उभी असताना एक पांढरी गाडी हळू होत शेजारी थांबली. काच खाली आली. आत रोसेंदो होता; अंगात नवं जाकीट, मांडीवर आडवी रायफल. सरकारने त्याला कधी दिली नव्हती इतकी चांगली.

"मॅडम! अजून दंडुकाच काय?" तो हसत म्हणाला. त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता. बारा महिने तिनेच त्याला गस्त शिकवली होती.

"रोसेंदो, आईला माहितेय का तुझ्या?"

त्याने रायफलीचा पट्टा उगाच नीट केला. "तुमच्या कोंपाद्रेला सांगा, आमच्या माणसांना त्यांच्याशी बोलायचंय. डोंगरातली एकूण एक पायवाट त्यांना पाठ आहे. सरकारने फेकून दिलेला माणूस आहे, आम्ही नीट ठेवू."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मॅडम, तुम्ही फक्त निरोप सांगा," रोसेंदो म्हणाला. आता त्याचा चेहरा हसरा नव्हता. "मी मागून घेतलंय हे काम. दुसरं कुणी आलं असतं तर निरोप वेगळ्या तऱ्हेने पोचला असता."

तिने निरोप सांगितला. नाबोर टमाट्यांच्या रोपांना काठ्या लावत होता. त्याने ऐकून घेतलं, हातातली काठी शेवटपर्यंत जमिनीत दाबली आणि म्हणाला, "म्हणजे आता मोंतेरेला मुलीकडे जायला हवं."

त्याच आठवड्यात राजधानीहून जाड लिफाफा आला. नाबोरच्या अर्जाची फाईल होती. नियमाप्रमाणे ती समितीपुढे जाण्याआधी लगतच्या वरिष्ठांकडे अभिप्रायासाठी यायची, आणि आता लगतची वरिष्ठ ओतिलियाच होती. नवा कमांडर त्या दिवशी आलेला नव्हता. तिने दार लोटून घेतलं आणि वाचायला बसली.

सुरुवातीला रक्त, लघवी, चारशे प्रश्न, सगळं स्वच्छ. शेवटच्या पानावर मशीनच्या बाईचा अहवाल होता.

'यंत्र लावण्यापूर्वीच्या संभाषणात उमेदवाराने स्वतःहून सांगितले की, अकरा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात नदीच्या पुलावरील नाक्यावर कर्तव्यावर असताना त्याने एक मालवाहू गाडी न तपासता सोडली. गाडी कोणत्या टोळीची आहे व तिच्यात काय आहे याची त्याला कल्पना होती. मोबदल्यात त्या गाडीतून एका आजारी मुलास शहरातील रुग्णालयात पोचवावे, असे त्याने चालकाशी ठरवले. मूल कोणाचे, असे विचारता "आठवत नाही" असे उत्तर दिले. यंत्र लावून हाच प्रश्न तीनदा विचारला. तिन्ही वेळा असत्याची तीव्र लक्षणे. अन्य सर्व प्रश्नांवर प्रतिक्रिया सामान्य. निष्कर्ष: उमेदवार साथीदारास पाठीशी घालीत आहे. अपात्र.'

ओतिलियाने पान उलटं ठेवलं. जरा वेळाने पुन्हा सुलटं केलं.

मार्च महिना. यादिरा नऊ वर्षांची होती. तीन दिवस पोटात दुखत होतं, चौथ्या दिवशी पोर ताठ झाली, ओठ पांढरे पडले. नगरपालिकेची रुग्णवाहिका टायरांवाचून पडून होती. तिने नाबोरला वायरलेसवर हाक मारली होती, आणि वीस मिनिटांत तो एका मोठ्या गाडीसह दारात हजर झाला होता. चीजचे व्यापारी आहेत, तो म्हणाला होता, शहरातच चाललेत. दोन तासांचा रस्ता ड्रायव्हरने सव्वा तासात काटला, पण खड्डा आला की तो असा हळू होई की जणू गाडीत काचसामान आहे. वाटेत तो एकदाच बोलला. मुलीला त्रास होत असेल तर रेडिओ बंद करू का म्हणाला. डॉक्टर नंतर म्हणाले होते, अजून अर्धा तास गेला असता तर अपेंडिक्सचं विष सगळ्या पोटात पसरलं असतं.

हे सगळं तिने शंभरदा लोकांना सांगितलं होतं. चांगल्या चीजवाल्यांची गोष्ट. पण त्या रिकाम्या कचेरीत तिला एक गोष्ट आठवली, जी तिने कधीच कुणाला सांगितली नव्हती. यादिराचे पाय लांब करायला जागा हवी म्हणून ड्रायव्हरने सीटखाली असलेलं काहीतरी पायाने मागे सारलं होतं. काहीतरी लांब, गोणपाटात गुंडाळलेलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला होता. तेव्हा तिची नोकरी सहा वर्षांची झाली होती. तो आवाज कशाचा असतो ते तिला कळत होतं. आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं होतं. तेव्हापासून ती बाहेरच पाहत आली होती. म्हणूनच त्या खुर्चीत बसून तिला इतक्या सरळ आवाजात नाही म्हणता आलं.

पानाच्या तळाशी बाईची सही आणि फोन नंबर होता. ओतिलियाने फोन लावला.

"ती केस मला आठवते," बाई म्हणाली. तिचा आवाज फोनवरही मऊच होता. "खरं सांगू? तो माणूस एका प्रश्नावर पडला. गुन्हा त्याने स्वतःच कबूल केला होता, तोही अकरा वर्षांपूर्वीचा. समिती अशा वेळी ताकीद देते, फार तर मुदतीआधी निवृत्त करते. पेन्शन राहते. पण साथीदार लपवला की सगळं जातं."

"आणि नाव कळलं तर?"

"पुराव्यासह कळलं तर पुन्हा विचार होईल. वरिष्ठांच्या अभिप्रायात लिहिलं तरी चालेल. तिथे रकाना आहे."

"आणि ज्यांचं ते मूल होतं, त्यांचं काय?"

"ते कोण आहेत त्यावर आहे."

"समजा, पोलीस आहेत."

बाई म्हणाली, "पोलीस असतील तर त्यांनी टोळीची मदत घेतली असं होईल. माहीत नव्हतं म्हणतील. पण ते पुन्हा मशीनवर बसून म्हणावं लागेल." मग तिने विचारलं, "आपण कोण बोलता म्हणालात?"

"त्यांची वरिष्ठ," ओतिलिया म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी ती नाबोरच्या घरी गेली. अंगणात पलंगाचे पाय सुटे करून ठेवले होते. चेला शेजारणीला कोंबड्या द्यायला गेली होती. नाबोर दोरीने गादीची वळकटी बांधत होता. ओतिलियाने दुसऱ्या बाजूने गुडघा रोवून गादी दाबून धरली, तेव्हा कुठे गाठ बसली.

"वाचलं मी," ती म्हणाली.

नाबोरने गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. "मला वाटलंच होतं. म्हणून तर अर्ज करायचा नव्हता."

"मला का नाही सांगितलंत? अकरा वर्षं?"

"काय सांगायचं होतं? पोरगी वाचली. तू दोन महिन्यांनी त्या चीजवाल्यांसाठी भट्टीत भाजलेल्या गोर्दितांची टोपली दिलीस, आभार म्हणून. पोचवा म्हणालीस."

"पोचवल्या नाहीत?"

"मी आणि चेलाने खाल्ल्या. चांगल्या होत्या."

ओतिलियाला हसू फुटलं. ती तशीच गादीवर बसली. नाबोरही समोरच्या पालथ्या बादलीवर बसला.

"आणि त्या बाईला सांगायची काय गरज होती? मशीन लावायच्या आधीच? कुणी विचारलं नसतं."

नाबोरच्या हाताच्या तळव्यावर दोरीचा वळ उठला होता, तो अंगठ्याने चोळत राहिला.

"तेच तर," तो म्हणाला. "तेवीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, कोमाद्रे. कमांडर आले, गेले, महापौर आले, गेले. बंदूक दिली, घेतली. मनावर काही आहे का, असं कुणी विचारलं नाही. त्या बाईने पाणी दिलं आणि विचारलं. मी म्हटलं, हे माझं आहे, हे द्यावं. त्या गाडीत जे होतं त्याने पुढे कुणाचं काय झालं असेल, मला काय ठाऊक? दुसऱ्या कुणाचीतरी पोरगी असेल. रोज नाही, पण येतं मनात." त्याने मान वर केली. "पण यादिराचं नाव माझं नव्हतं. ते मी कसं देणार? तिथे खोटं बोललो. तीनदा. आणि तिन्ही वेळा त्याने पकडलं." तो जरा हसला. "मशीन चांगलं आहे, खरंच."

दारातून चेला आली. दोघांकडे पाहून तिने काय समजायचं ते समजून घेतलं.

"सांगितलंस वाटतं शेवटी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि ओतिलियाकडे वळून, "हे बघ, वेड्यासारखं काही करू नकोस. ह्याचं वय झालं, मुलगी सांभाळेल. तुझं कोण आहे? पोरीचं शिक्षण कुणी पुरं करायचं? आणि तूही गेलीस तर ह्या गावात कोण राहील? तो नव्या मजल्यावाला?"

"बरोबर बोलतेय ती," नाबोर म्हणाला.

ओतिलियाने पलंगाच्या दोन पट्ट्या उचलून टेम्पोत ठेवायला मदत केली. निघताना नाबोरने तिच्या कपाळावर क्रॉसची खूण केली, जशी यादिराच्या कपाळावर बाप्तिस्म्याच्या दिवशी केली होती, आणि म्हणाला, "रोसेंदोशी भांडू नकोस. पोराने जमेल तेवढं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते दोघे गेले. ओतिलिया त्या वेळी बाजारच्या नाक्यावर होती. बस वळली तेव्हा तिने हात वर केला. काचेवर ऊन असल्याने आतलं काही दिसलं नाही.

कचेरीत येऊन तिने फाईल उघडली. 'लगतच्या वरिष्ठांचा अभिप्राय' असं छापलेल्या ओळीखाली सहा रेघा होत्या. बाकीच्या फायलींवर ती 'अभिप्राय नाही' असं लिहून सही करत आली होती; दोन शब्दांत काम होत असे. तिने यादिराला फोन लावला. ती वॉर्डात होती, घाईत होती. आई, बोल पटकन, म्हणाली.

"काही नाही. जेवलीस?"

"जेवते आता. तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. बाळा, समजा पुढच्या वर्षी मी पोलिसात नसले, तर तुला चालेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला काम करून शिकावं लागेल."

पलीकडे कुणीतरी यादिराला हाक मारली. "अर्ध्या मुली करतातच इथे," ती घाईघाईने म्हणाली. "पण झालंय काय?"

"घरी आलीस की सांगेन. तुलाही ते माहीत असायला हवं," ओतिलिया म्हणाली.

मग तिने लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं फार लांबलं, म्हणून दुसरा कागद घेतला आणि शब्द जुळवून पाहिले. शेवटी रकान्यात चारच ओळी उतरल्या. ते मूल माझी मुलगी होती. गाडीत मीही होते. सीटखाली काय आहे ते मला कळलं होतं आणि मी बाहेर पाहिलं. नाबोर यांनी लपवलेला साथीदार मी आहे. खाली नाव, बिल्ल्याचा क्रमांक, तारीख. रुग्णालयातून घरी सोडतानाचा जुना कागद तिने घरून आणलाच होता; तो टाचणीने जोडला.

टपाल पाहणाऱ्या कारकुनाने लिफाफा घेतला, पत्ता वाचला.

"आजच जायला हवं का? नाहीतर शुक्रवारी सगळं एकदम पाठवतो."

"आजच," ती म्हणाली.

संध्याकाळी तिची पाळी होती. सोबतचा पोलीस आजारी म्हणून आला नव्हता; हल्ली कुणी ना कुणी आजारी असेच. ती चौकातून एकटीच निघाली. कट्टा रिकामा होता. टॉर्टियाच्या दुकानातली रेफुखियो मक्याच्या पोळ्यांचं मशीन पुसून घेत होती. एरवी सातपर्यंत उघडं असणारं दुकान ती आता ऊन असतानाच बंद करू लागली होती. ओतिलियाला पाहून ती उंबऱ्याशी आली, ओले हात एप्रनला पुसत.

"आज गस्तीवर कोण आहे गं?"

"मी आहे."

"मग अर्धा तास ठेवते उघडं. शेवटचा घाणा उरलाय," रेफुखियो म्हणाली. आत वळता वळता थांबली. "आणि उद्या?"

लिफाफा घेऊन गेलेली बस एव्हाना घाट उतरली असेल. राजधानीत तो कुणीतरी फोडेल, वाचेल, शिक्का मारेल. त्याला आठवडा लागेल, महिनाही लागेल.

"उद्याही मीच," ओतिलिया म्हणाली, आणि गिऱ्हाइकांना दिसावी अशी दुकानाच्या दारात उभी राहिली.